मीटर कोणाच्या नावावर?

कर्जतमध्ये खोली शोधत फिरत होते तेव्हा सात घरांनी मला आधी आडनाव विचारलं. आठव्या घरानं लोड विचारला.

"इस्त्री रोजची का आठवड्याची?" दहिवलीतल्या त्या घराच्या ओटीवर बसलेल्या बाईंनी मला उभं ठेवूनच सुरुवात केली. "गिझर लावणार? पाण्यात टाकायची कॉइल वापरत असशील तर आत्ताच सांग, मागाहून भांडण नको. वाचतेस का? किती वाजेपर्यंत?"

मी सगळी उत्तरं दिली. शेवटी न विचारता आडनावही सांगून टाकलं. महिनाभरानं कळून सामान बाहेर यायचं, त्यापेक्षा दारातच निकाल लागलेला बरा, हे मी एव्हाना शिकले होते. बाईंनी हात झटकला.

"त्याला करंट लागतो का?"

"नाही."

"मग ते माझ्या मीटरवर येत नाय. चावी घे."

त्या खोलीत मी तीन वर्षं राहिले. स्टेशनजवळच्या एका शिकवणी वर्गात मराठी आणि इतिहास शिकवत होते. ज्या घरात पाहुण्याला चहाच्या आधी पत्रक हातात मिळतं अशा घरात मी वाढले, त्यामुळे माणूस भेटला की तो कोणत्या बाजूचा हे ठरवायची मला घाई असे. या बाईंची बाजू मला बरेच दिवस ठरवता आली नाही. वीज कंपनीच्या एका उपविभागाच्या कार्यालयात तीस वर्षं बिलाच्या खिडकीवर बसून त्या निवृत्त झाल्या होत्या. लोक त्यांना समोर 'मॅडम' म्हणत आणि माघारी 'बिलबाई'. माघारचं नाव त्यांना माहीत होतं. "त्यात खोटं काय आहे," असं त्यांचं म्हणणं.

माणसांची नावं त्यांच्या लक्षात राहत नसत. ग्राहक क्रमांकाचे शेवटचे चार आकडे राहत. बाजारात एखाद्या मोटारसायकलवाल्याला त्या भर रस्त्यात थांबवत. "काय रे चव्वेचाळीस एकोणीस, आईच्या गुडघ्याचं झालं का ऑपरेशन?" आणि चव्वेचाळीस एकोणीसही निमूटपणे गाडी बाजूला घेऊन आईचं सांगत बसे. लग्नाचं आमंत्रण आलं की त्या मला सांगत, "रविवारी जेवायला नाय मी. थ्री फेजवाल्यांकडं कार्य आहे."

सकाळी फिरायला जाताना त्यांच्या हातात टॉर्च असायची, भर उजेडातसुद्धा. लोकांच्या जिन्याखाली, पडवीच्या कोपऱ्यात जिथं म्हणून मीटर असेल तिथं ती मारून आकडा बघत. निवृत्तीनंतर हा अधिकार त्यांना कोणी दिला नव्हता आणि कोणी काढूनही घेतला नव्हता. कुंपणावरून एखादीला हाक मारून सांगत, "अगं, तुझ्या फ्रीजचं रबर गेलंय बघ. घरात कोण नसताना पण मीटर पळतंय." ती बाई आधी चिडे, मग रबर तपासे, मग संध्याकाळी वाटीभर काहीतरी घेऊन येई.

छपरावरच्या सोलर पॅनेलची सरकारी योजना आमच्या भागात जोरात आली तेव्हा बिलबाईंच्या ओटीला पुन्हा खिडकीची कळा आली. पॅनेल लावणाऱ्यांची पत्रकं घरोघर पडत होती. एकावर लिहिलं होतं, 'सूर्य देतो, सरकार देते, तुम्ही फक्त छत द्या!' लोक ती पत्रकं घेऊन बाईंकडे येत. अर्ज मोबाइलवरून पोर्टलवर भरायचा, वीज कंपनीनं तपासायचा, मग पॅनेल लागणार, मग नवं मीटर बसणार आणि सगळ्यात शेवटी सबसिडी खात्यात येणार, एवढा तो प्रवास होता. बाईंना नियम तोंडपाठ होते, पण पोर्टल त्यांच्या बोटांना जुमानत नसे. माझ्याकडे लॅपटॉप होता. भाडेकरूनं घरमालकिणीचं असं एखादं काम करायचं असतं, हे त्यांनी मला विचारलं नाही, गृहीत धरलं.

त्यांच्या ओटीवर एक शब्द बोलायला बंदी होती, तो म्हणजे 'फुकट'. कोणी "मॅडम, ते फुकट विजेचं..." असं सुरू केलं की त्याला खुर्चीवरून उठवत. "उभं राहून बोल. फुकट मागणाऱ्याला खुर्ची कशाला?" तो गोंधळून उभा राहिला की समजावत. "सबसिडी म्हणजे आपलेच पैसे लांबच्या रस्त्यानं घरी येतात. साबण घेतलास त्यात भरलेस, काडेपेटी घेतलीस त्यात भरलेस. आता बस खाली."

हे वाक्य मी वहीत उतरवून ठेवलं होतं. सरकार जनतेला जनतेचाच पैसा परत करतं आणि वर जाहिरातीत स्वतःचा फोटो छापतं, यावर चार पानं लिहायचा माझा विचार होता. बिलबाईंनी ते एका काडेपेटीत बसवलं होतं.

नव्या मीटरवर मात्र त्यांचं प्रेम होतं. पॅनेलची जादा वीज कंपनीकडे जाते, ती हे मीटर मोजतं आणि बिलातून वजा होते. "तीस वर्षं मी लोकांनी कंपनीकडून किती घेतलं तेवढंच लिहिलं," त्या म्हणायच्या. "कंपनीनं लोकांकडून घेतलेलं लिहिणारा कागद पहिल्यांदा बघतेय."

पण गावात त्यांची बदनामी झाली होती ती वेगळ्याच सवयीमुळे. कोणाकडे माणूस गेलं की बिलबाई भेटायला जात, आणि त्यांच्या पर्समध्ये मीटरवरचं नाव बदलायचा कोरा अर्ज असे. तेराव्याला जात, बौद्धांच्या घरी पुण्यानुमोदनाला जात, मुसलमानांच्या घरी चाळिसाव्याला जात. गप्प बसत, चहा घेत आणि उठताना बशीखाली तो अर्ज सारून येत. एका घरातल्या थोरल्या मुलानं तो त्यांच्या अंगावर भिरकावला.

"बापाचं तेरावं अजून धड पार नाय पडलं, मॅडम! लाज वाटत नाय?"

बाईंनी कागद उचलला, झटकला, पुन्हा घडी घातली. "तेरावं पार पडलं की कोण येत नाय रे माझ्याकडे. वीस वर्सांनी येतात. तेव्हा मृत्यूचा दाखला सापडत नाय."

लोक त्यांना 'यमाची क्लार्क' म्हणत. आमच्याकडे मीटरवरचं नाव बदलणं म्हणजे माणसाला घराबाहेर काढणं असं समजतात. बाप जातो, आजा जातो, बिल मात्र त्यांच्याच नावानं येत राहतं आणि घरातले ते भरत राहतात. पोस्टातले, पतपेढीतले, रेशन कार्डावरचे सगळे मेलेले यथावकाश मरतात. वीज कंपनीच्या यादीतले जिवंत राहतात. यात कोणाचं काही अडत नव्हतं. सोलरनं अडलं. सबसिडी ज्याच्या नावाचं बिल त्याच्याच बँक खात्यात जाते, आणि मेलेल्याला खातं नसतं.

"एवढ्या शिव्या खाऊन कशाला जाता?" मी एकदा विचारलं. त्या गवारीच्या शेंगा मोडत होत्या.

"खिडकीवर एक बाई यायची. बिल जास्तीचं आलेलं. मी म्हणायची, ग्राहकाला पाठवा. पुढच्या महिन्यात परत तीच. मी परत म्हणायची, ग्राहकाला पाठवा. चार महिने ती काय बोलली नाय. पाचव्या महिन्यात म्हणाली, ते यायचे असते तर मी कशाला आले असते."

"मग?"

"मग काय. दाखला आणा म्हटलं. नियम होता."

त्यांनी शेंगांचं ताट माझ्याकडे सरकवलं. 

रंजनाताई ओटीवर आल्या त्या पॅनेलवाल्यानं भरलेला अर्ज घेऊन. तो बरोबर आहे ना, एवढंच त्यांना विचारायचं होतं. लोधिवलीच्या पुढे आतल्या बाजूला त्यांचं गाव. नवरा चार वर्षांपूर्वी गेलेला, मूलबाळ नाही. तीन खोल्यांचं स्लॅबचं घर. दोन खोल्या खालापूरकडच्या कारखान्यांत जाणाऱ्या कामगारांना दिलेल्या, भाडं लाइटसकट. "भाडं येतं नि बिलात जातं," त्या म्हणाल्या. "पॅनेल लागली तर माझ्या हातात काय तरी उरंल." मीटर अजून सासऱ्यांच्या नावावर होतं. अर्जात ते नाव बदलून धाकट्या दिराचं घातलं होतं. दीर शेलूला नव्या सोसायटीत राहायचा.

बिलबाईंनी चष्मा चढवला. "दीर राहतो का त्या घरात?"

"नाय. गणपतीला येतात दोन दिस."

"दिवा कोण लावतं?"

"मीच."

"फ्रीज कोणाचा?"

"माझा."

"बिल कोण भरतं?"

"मीच की ओ."

"मग ग्राहक कोण?"

रंजनाताई गोंधळल्या. "मामा," त्या म्हणाल्या. सासऱ्यांना त्या मामा म्हणत.

"पॅनेल लागलं की शेजारी ग्राहकाला उभं करून फोटो काढायचा असतो. मामांना कुठून आणणार?"

"म्हणून तर भावोजींचं नाव टाकलंय. पॅनेलवाला बोलला, त्यांचे कागद तयार हायेत, लवकर हुईल."

बाईंनी मग रंजनाताईंना सगळं सरळ सांगितलं. बिलावर नाव दिराचं येईल. सबसिडी दिराच्या खात्यात जाईल. पॅनेलसाठी कर्ज काढलं तर तेही त्याच्या नावावर. "मीटर म्हणजे घर नाय, हे मला ठाऊक आहे. तुझ्या गावात किती जणांना ठाऊक आहे?"

रंजनाताईंनी अर्ज आपल्याकडे ओढून घेतला. मग म्हणाल्या, "भावोजी दोन वर्सं बोलतायत, घर विकू या. मी बोलते, मी कुठं जाऊ?"

आता हा प्रश्न विजेचा राहिला नव्हता. एका बाईचं राहतं घर एका अर्जाच्या रकान्यातून तिच्या हातून सुटायच्या बेतात होतं, आणि तो रकाना पोर्टलवर मी भरणार होते.

पॅनेलवाला दुसऱ्याच दिवशी मोटारसायकलवरून आला. मुलगा वाईट नव्हता, त्याला कामं संपवायची होती. "मॅडम, माझं काम कशाला अडवताय? नाव कोणाचं पण असू दे. ऊन तेच ना?"

"ऊन तेच. खातं वेगळं," बाई म्हणाल्या. "चहा घेणार?"

मी घरात बसून पत्रक लिहिलं. 'विधवेच्या छपरावर दिराचा डोळा' असा मथळा, खाली चाळीस ओळी. शेलू स्टेशनबाहेर वाटायचं ठरवलं होतं. बिलबाईंनी ते लाल पेन घेऊन वाचलं. "'हरामखोर' अर्जात चालत नाय," त्या म्हणाल्या आणि एक रेघ मारली. "'शोषण' पण चालत नाय. 'पुरुषसत्ताक' कुठल्या रकान्यात लिहिणार?" असं करत करत शेवटी एक वाक्य उरलं: 'सदर घरात सदर महिला गेली बावीस वर्षे राहत आहे.' त्याच्याभोवती त्यांनी चौकोन काढला. "हे ठेव. हे खरं आहे आणि याचा दाखला मिळतो."

मला राग आला. अजूनही वाटतं की ते पत्रक वाटायला हवं होतं. पण त्या एका वाक्यावर ग्रामपंचायतीनं रंजनाताईंना रहिवासी दाखला दिला. उरलेल्या ओळींवर काही मिळालं नसतं, हेही मी मान्य करते.

दाखला झाला, मृत्यूचे दाखले सापडले. मीटर रंजनाताईंच्या नावावर करायला आता राहिलं वारसांचं ना हरकत पत्र. रविवारी आम्ही तिघी शेलूला दिराच्या घरी गेलो. माणूस अगत्याचा होता. पंखा वाढवला, पाणी दिलं, बायकोला चहा टाकायला सांगितलं. मग म्हणाला, "मॅडम, स्पष्ट बोलतो. मीटर गेलं की घर गेलं."

"मीटरवर नाव आल्यानं घर मिळत असतं ना भाऊ, तर अख्ख्या कर्जतला घरं मीच वाटली असती. तीस वर्सं खिडकीवर होते मी."

आतून त्याची बायको हसली. तो नाही हसला.

"घर मिळत नाय तर मग वहिनीला तरी मीटर कशाला पायजे?"

प्रश्न बिनतोड होता. मला वाटलं, आता बाई अडकल्या.

"कारण बिल चुकलं तर खिडकीवर हीच जाणार. आणि खिडकीवरची बाई हिला सांगणार, ग्राहकाला पाठवा." त्या थांबल्या. "मी सांगितलंय, म्हणून मला ठाऊक."

"माझी सही नाय मिळणार."

"मग तुमच्या नावाला हिची सही नाय मिळणार. दोन वारस, दोघांची हरकत. चालू दे मामांच्या नावानं. पॅनेल पण नको नि सबसिडी पण नको." बाईंनी दोन्ही अर्ज टेबलावर शेजारी शेजारी ठेवले, एक पॅनेलवाल्यानं भरलेला, एक आम्ही भरलेला.

रंजनाताई तोपर्यंत एक शब्द बोलल्या नव्हत्या. त्या दोन्ही कागदांकडे बघून म्हणाल्या, "पन मॅडम, वन्संची सही नाय लागत?"

"कोण वन्सं?"

"ह्यांची बहीण. सगळ्यांत मोठी. नेरळच्या पल्याड दिलीय."

"तिचं काय?" दीर म्हणाला. "तिचं लगीन झालंय."

मी अर्जाकडे बघितलं. वारसांच्या यादीत दोन नावं होती, बिलबाईंच्या अक्षरात. तीच दोन मी संगणकावर टाइप केली होती. पॅनेलवाल्याच्या अर्जातही तीच दोन होती. तो विसरला यात नवल नव्हतं. दीर विसरला नव्हता, त्यानं तिला धरलंच नव्हतं. पण ज्या बाईनं बाईचं नाव मीटरवर यावं म्हणून एवढ्या शिव्या खाल्ल्या तिनं, आणि जिनं चाळीस ओळींत पुरुषसत्तेचा निकाल लावला होता तिनं, म्हणजे मी, बापाच्या मुलीला वारस म्हणून मोजलं नव्हतं. घरातून दिलेली मुलगी घराच्या यादीतून आपोआप जाते. त्यासाठी कोणाला लाल पेन लागत नाही.

बिलबाईंनी चष्मा काढला. पदरानं पुसला. पुन्हा घातला.

"लागते," त्या म्हणाल्या.

पुढच्या रविवारी नणंद रंजनाताईंच्या घरी आली. पन्नाशीची, उन्हानं रापलेली बाई, हातात वालाच्या शेंगांची पिशवी. आधी घराभोवती एक फेरी मारून आली, स्लॅबकडे मान वर करून बघितलं, मग उंबऱ्यातच बसली. दीर आला होता. छप्पर मोजायला म्हणून पॅनेलवालाही आला होता. बिलबाईंनी कुणाचीही बाजू न घेता तिला दोन्ही अर्ज समजावले. या कागदावर भावाचं नाव आहे, या कागदावर वहिनीचं.

"आणि तुमची हरकत असेल तर कोणाचंच होणार नाय."

"माजी हरकत?" नणंदेनं तो शब्द तोंडात घोळवून बघितला. "म्हंजे मी नाय बोलले तर होनार नाय?"

"नाय होणार."

"ह्यानं सांगितलं तरी?"

"तरी नाय."

"कंपनीच्या सायबानं सांगितलं तरी?"

"तरी नाय."

तिनं पिशवी बाजूला ठेवली आणि मांडी घालून नीट बसली.

"अगं ताय, बस झालं आता," दीर म्हणाला. "माझ्या कागदावर सही कर नि मोकळी हो."

"मोकळीच हाय मी. बाबा गेले तवा भांडी वाटलीत, तवा इचारलंस मला?"

"भांड्यांचं काय काढतेस इथं?"

"मंग घराचं काढू? काढू का? तीन वाटं व्हतात. मी वाटं करायला बसले तर परवडंल का रं तुला?"

पॅनेलवाला एकाएकी आपली टेप गुंडाळू लागला. दीर त्याच्याकडे बघत राहिला, जणू उत्तर टेपवर लिहिलेलं होतं.

"आयचं आजारपन कोनी काढलं?" नणंद म्हणाली. आवाज चढला नव्हता. "वयनीनं काढलं. तू तवा शेलूला भिंतींना रंग काढत व्हतास. मी येऊन जाऊन. कागद वयनीचा दे हिकडं. घराचं काय ते आपन तिघं मागनं बघू. आज दिव्याचं बोलू."

"वन्सं, तुमच्या मनाला..." रंजनाताईंनी सुरू केलं.

"तू गप गं. तुला बोलता आलं असतं तर मला बोलवायला लागलं असतं?" मग ती हसली. "आन बोललीस ती पन तूच. माजं नाव कोनाला आठवलं व्हतं?"

बिलबाईंनी मान खाली घातली. पेन पुढे केलं. नणंदेनं ते घट्ट धरलं आणि कागदाजवळ नेऊन थांबली.

"नाव कुठलं लिवू? हिकडचं का तिकडचं?"

नियम विचारला तर बिलबाई झोपेतूनही सांगत. त्या वेळी मात्र त्यांना क्षणभर लागला.

"दोन्ही लिहा," त्या म्हणाल्या. "ओळ लांब आहे."

तिनं दोन्ही लिहिली, एकेक अक्षर थांबून. मग दीर पुढे आला आणि त्यानंही सही केली. त्याचं मन पालटलं असं म्हणणार नाही. तिसऱ्या वाट्याची गोष्ट निघाली ती तेवढ्यावर थांबावी, एवढाच त्याचा हिशेब होता. चहा न घेता गेला. त्याचा अर्ज नणंदेनं उचलून शेंगांच्या पिशवीत टाकला. चुलीला होईल म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून बिलबाईंनी नवीनच उद्योग सुरू केला. ज्या ज्या घरांची नावं त्यांच्या हातून बदलली होती तिथं त्या पुन्हा जाऊ लागल्या. ओटीवर बसायचं आणि विचारायचं, "तुमच्या वडलांना मुली किती?" पूर्वी लोक अर्ज भिरकावत. आता दारच उघडत नसत.

"झालेल्या अर्जाचं आता काय करणार?" मी विचारलं. "नाव बदललं, पॅनेल लागली, सबसिडी आली. कायद्यानंही कोण विचारत नाही."

"कोण विचारत नाय म्हणून तर झालं ना ते," त्या म्हणाल्या. "माझ्या अक्षरात आहे."

काही घरांनी बहिणींना बोलावून कागद करून घेतला. बहुतेकांनी नाही केला. एका सुशिक्षित गृहस्थांनी त्यांना फाटकातून सुनावलं, "आमच्या बहिणी सुखात आहेत, तुम्ही त्यांच्या डोक्यात काही भरू नका." पॅनेल लावणाऱ्यांनी गिऱ्हाइकं त्यांच्याकडे पाठवणं बंद केलं. स्टेशनच्या बाजूला एका झेरॉक्सवाल्यानं अर्ज भरायला सुरुवात केली होती, तो मुली किती ते विचारत नसे. ओटीवरच्या खुर्च्या रिकाम्या राहू लागल्या. बाईंनी त्याबद्दल कुरकूर केली नाही. टॉर्च घेऊन फिरायला जात आणि येताना एखादं घर करून येत.

या देशात सवलतींची पत्रकं घरोघर येतात. त्या सवलती कोणाच्या नावानं येतात, एवढा एक प्रश्न विचारला तरी पुरे, मग लांबच्या भाषणांची गरज राहत नाही. हे मला पत्रकांनी शिकवायला हवं होतं. एका निवृत्त कारकून बाईंनी शिकवलं, आणि तेही चुकल्यावर.

शिकवणी वर्ग बंद पडला तेव्हा मी खोली सोडली. निघायच्या दिवशी सामान ओटीवर आणून ठेवत होते. बिलबाई माझ्या खोलीच्या सबमीटरचा शेवटचा आकडा लिहून घेत होत्या. एवढ्यात त्यांचा फोन वाजला. त्या फोन कायम स्पीकरवर ठेवून त्याच्याशी ओरडून बोलत, त्यामुळे मलाही सगळं ऐकू आलं.

"मॅडम, मी रंजना! आलं ओ! आत्ता मेसेज आला. माज्या खात्यात आलं, माज्या नावानं!"

किती आलं ते बाईंनी विचारलं नाही. मीटर नीट फिरतंय का, तेही नाही.

"नणंदेला सांगितलंस का?" त्या ओरडल्या.

"पयला फोन तिलाच केला," पलीकडून रंजनाताई म्हणाल्या. "तुमचा दुसरा."

"बरोबर," बिलबाई म्हणाल्या आणि फोन बंद केला.